मोजणारा कठडा

"शालू, एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. आज आगाऊपणा नाही."

ताईनं सकाळपासून हे चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा शाल्मली चौगुलेनं मान इतक्या जोरात हलवली की कानातलं बोलकं यंत्र निसटून गवतात पडलं. ते शोधायला दोघी बहिणी रांगल्या. मग ताईला हसू आलं आणि शाल्मलीच्या जिवात जीव आला. गेले आठ दिवस ताई हसलीच नव्हती.

हसणार तरी कशी? मिरजेबाहेरच्या या माळावर आज 'रानवारा' महोत्सव होता. अठरा हजार माणसं येणार होती आणि ताईनं चार वर्षं खपून बनवलेला कठडा आज पहिल्यांदा खऱ्या गर्दीपुढे उभा राहणार होता. शासनाचे तपासनीस गवाणे साहेब दिवसभर तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार होते. संध्याकाळी ते पास किंवा नापास लिहिणार. पास लिहिलं की पुढच्या वर्षापासून राज्यातल्या प्रत्येक मैदानी कार्यक्रमाला हाच कठडा बंधनकारक.

"तुला कट्ट्यावर ठेवलंय," ताई म्हणाली. "व्हीलचेअरवाले, म्हातारे-कोतारे, ज्यांना उभं राहवत नाही ते. त्यांना पाणी द्यायचं, गोड बोलायचं. बाकी सगळं कठडा बघेल."

"आणि कठड्याचं काही बिनसलं तर?"

"बिनसणार नाही."

"पण समज..."

"शालू!"

शाल्मली गप्प बसली. तिला गप्प बसवणं हल्ली सोपं राहिलं नव्हतं. अकरावीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी ही मुलगी बारावीत गेल्यावर अशी काही बोलायला लागली होती की घरचे तिला रेडिओ म्हणायचे. पण आज ताईचे डोळे झोपेविना लाल झाले होते.

कठडा दिसायला मात्र झकास होता. स्टेजच्या पुढे चारशे चौरस मीटरचा एक अर्धगोल कप्पा, आणि त्याच्या कडेनं छातीइतक्या उंचीच्या चाळीस जाळीदार पाकळ्या. पाकळ्यांच्या पोटात एक दाट द्रव होता. वीज सोडली की तो दगडासारखा कडक व्हायचा, वीज काढली की लोण्यासारखा मऊ. म्हणजे तीच पाकळी हवी तेव्हा भिंत, हवी तेव्हा सावकाश बाहेर झुकणारं दार. कठड्याबाहेर स्वयंसेवकांसाठी दोन मीटरची गल्ली, गल्लीत सगळ्या पाकळ्या एकदम पाडायची लाल दांडी आणि गल्लीपलीकडे शाल्मलीचा उंच कट्टा.

शाल्मलीला यातलं विज्ञान पाठ होतं, कारण ताईनं तिच्यावरच भाषणाची तालीम केली होती. एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत सगळं ठीक. पाचाच्या पुढे माणूस स्वतःच्या मर्जीनं हलत नाही, गर्दी त्याला हलवते. सहाच्या पुढे गर्दीचं पाणी होतं. एका कोपऱ्यात धक्का बसला की लाट दुसऱ्या टोकाला फुटते आणि मधल्यांची छाती फुलायला जागा उरत नाही. अशा ठिकाणी माणसं पायाखाली कमी मरतात, उभ्या उभ्या श्वास कोंडून जास्त. आणि किंकाळी ऐकू येत नाही, कारण किंकाळीला श्वास लागतो.

आता हे मोजायचं कसं? गर्दीवर कॅमेरे लावायला चेहऱ्यांच्या कायद्यानं बंदी होती. म्हणून तिकिटाऐवजी प्रत्येकाला मनगटावर बांधायचा एक रबरी पट्टा मिळायचा. प्रत्येक पाकळी आपल्यासमोरच्या दहा चौरस मीटरमधले पट्टे मोजायची आणि स्वतःवर पडणारा रेटाही मोजायची. माणसं जास्त आणि रेटा जास्त, म्हणजे धोका. पाकळी उघडायची आणि मागचं प्रवेशद्वार बंद करायचं. माणसं कमी आणि रेटा जास्त, म्हणजे पोरं नाचतायत. पाकळी आणखी कडक करायची, म्हणजे कोणी धडपडणार नाही. ताईच्या भाषणात या वाक्याला नेहमी टाळ्या पडायच्या.

चार वाजता फाटकं उघडली. पाचपर्यंत कट्टा भरला. कोणी कवलापूरहून आलेलं, कोणी जतहून. बहुतेक जण गावच्या किंवा शाळेच्या बसगाड्यांनी गटानं आले होते. तरुण मंडळी पुढच्या कप्प्यात धावली आणि गटातली वडीलधारी माणसं शाल्मलीच्या वाट्याला आली. त्यांत तिच्याच कॉलेजच्या कोष्टीबाईही होत्या. गुडघेदुखीमुळे त्यांनी खुर्ची मागून घेतली होती.

"बाई, तुम्ही आणि डफतोड बँड?" शाल्मलीनं पाण्याची बाटली देत विचारलं.

"मला कुठलं गं ते धाडधूड! एकशे चाळीस पोरी घेऊन आलेय. त्यांच्या आयांना शब्द दिलाय. तुझी ती हीना तर बशीत माझ्या कानाशी गाऊन गाऊन..." बाईंनी कान झाडला. "आता पुढे कुठेतरी उड्या मारत असेल."

हीना शिकलगार ही शाल्मलीची जिवलग मैत्रीण. शाल्मलीनं कट्ट्याच्या कडेला जाऊन पाहिलं आणि डोक्याला पिवळाधमक रुमाल बांधलेली हीना तिला लगेच सापडली. सतराव्या पाकळीपासून पाच-सहा माणसं आत. शाल्मलीनं दोन्ही हात हलवले. हीनानंही हलवले आणि जीभ काढून दाखवली.

साडेपाचला डफतोड स्टेजवर आले आणि माळ उसळला.

शाल्मलीही जागच्या जागी नाचली. एका आजोबांनी व्हीलचेअरच्या हातावर ताल धरला. दुसरं गाणं झालं, तिसरं सुरू झालं, आणि शाल्मली थांबली. का थांबली ते तिला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं की डाव्या बाजूला कोणी नाचतच नव्हतं. डोकी हलत होती, पण सगळी एकाच वेळी, एकाच बाजूला. ज्वारीच्या रानावरून वारा जावा तशी ती झुकत होती आणि परत येत होती. गाण्याचा ताल वेगळा, हे झुकणं वेगळं.

तिनं पिवळा रुमाल शोधला. तो कठड्याच्या जवळ सरकला होता. हीनाचे दोन्ही हात छातीशी मुडपलेले होते आणि तोंड आभाळाकडे होतं. शाल्मलीनं हात हलवले. "हीने! ए हीने!" हीना बघेना.

आणि प्रवेशद्वारावरची पाटी हिरवी होती. 'जागा आहे, आत या.' लोक आत येतच होते.

शाल्मलीनं कानातलं बटण दाबलं. "ताई, सतरावी पाकळी बघ."

"बघतेय. पावणेतीन माणसं मीटरला. हिरवं." ताईचा आवाज अगदी सरकारी होता. म्हणजे गवाणे साहेब शेजारीच होते.

"पावणेतीन नाहीत. सहा असतील. लाट येतेय, तू सांगितली होतीस तसली."

"रेटा आहे, पण माणसं कमी आहेत. नाचतायत ती."

"ताई, कोणी नाचत नाहीये!"

"शालू, मी सकाळी काय सांगितलं होतं?" आणि आवाज बंद झाला.

शाल्मलीचे कान तापले. खरंच आगाऊपणा होता का हा? चार वर्षं गर्दीचं गणित करणारी ताई कुठे आणि पाण्याच्या बाटल्या वाटणारी आपण कुठे! यंत्र प्रत्येक मनगट मोजतंय. आपल्याला लांबून चुकीचं दिसत असेल. तिनं स्वतःला समजावलं, वळली, आणि तेव्हा कोष्टीबाई खुर्चीखालून आपली कापडी पिशवी ओढून मांडीवर घेताना दिसल्या. पिशवीच्या तोंडातून निळं रबर डोकावत होतं.

"बाई, हे काय?"

"पट्टे गं, पोरींचे."

"पोरींचे पट्टे तुमच्याकडे?"

"मग काय त्यांच्याकडे देऊ? गेल्या सहलीला चौघींनी तिकिटं हरवली होती. फाटकावर गठ्ठा दाखवला, एकशे चाळीस वेळा पीं पीं वाजलं, पोरी आत सोडल्या आणि पिशवी माझ्याकडे. परत जाताना मोजून देईन." बाईंनी अभिमानानं पिशवी थोपटली. "एक इकडचा तिकडे नाही."

शाल्मलीनं ती पिशवी बाईंच्या मांडीवरून उचलून घेतली. ती कट्ट्याच्या मध्यभागी गेली आणि स्टेजच्या आवाजावर आवाज काढून ओरडली, "गटाचे पट्टे आणखी कुणाकडे आहेत?"

एक हात वर आला. मग दुसरा. भजनी मंडळाच्या आक्का, तालमीचे वस्ताद, विणकर सोसायटीचे चिटणीस. कोणाकडे डबा, कोणाकडे रुमालात गाठोडं, कोणाच्या ओच्यात. प्रत्येक गटानं तेच केलं होतं, जे प्रत्येक सहलीला करायचे. सगळ्यांचं एका विश्वासू माणसाकडे द्यायचं. बेरीज केली तर साऱ्या पुढच्या कप्प्यात नऊशे माणसं अशी होती जी कठड्याच्या लेखी नव्हतीच.

"ताई, ऐक आणि ओरडू नकोस," तिनं पुन्हा बटण दाबलं. एका दमात सगळं सांगितलं.

 पलीकडे ताई खुर्चीवरून उठल्याचा आवाज, दार लागल्याचा आवाज. आता ती बाहेर येऊन कुजबुजत होती. "पण मग कट्ट्यावर नऊशे माणसं दिसायला हवीत. यंत्रानं बोंब मारायला हवी होती."

"का नाही मारली?"

ताईचा श्वास ऐकू आला. "कारण मीच सांगितलंय त्याला. एका जागी नऊ किंवा जास्त पट्टे दिसले तर ती माणसं नाहीत, कोऱ्या पट्ट्यांची पेटी आहे, सोडून दे. फाटकावरच्या पेट्यांमुळे आकडे चुकत होते म्हणून... अगं, आई पण हेच करायची. गाडीत सगळ्यांची तिकिटं तिच्या पर्समध्ये. मला सुचायला नको?"

"आकडा बदल ना तू!"

"येत नाही. मोजणीला मोहोर आहे. पूर्वी आयोजक आकडे खाली करून जास्त लोक घुसवायचे, म्हणून माणसाचा हात लागूच द्यायचा नाही असं ठरलं. यंत्र बंद करून चालू करायला अकरा मिनिटं."

"अकरा मिनिटं नाहीयेत. बँड थांबव."

"आत्ताच निरोप पाठवला. पाटी हिरवी असताना थांबवायचा अधिकार नाही म्हणतायत आयोजक."

"गल्लीतली लाल दांडी? मी ओढते."

"नको! शालू, ऐक, अजिबात नको. दांडीनं चाळीस पाकळ्या एका क्षणात पडतात. इतक्या रेट्यात समोरचा आधार एकदम गेला की पुढचे तोंडावर आपटतील आणि मागचे त्यांच्या अंगावर. ती रिकाम्या कप्प्यासाठी आहे. पाकळी सावकाशच उघडली पाहिजे, आणि सावकाश फक्त यंत्रच उघडू शकतं."

कप्प्यात पुन्हा लाट आली. या वेळी पिवळा रुमाल दिसेनासा झाला आणि बऱ्याच वेळानं वर आला. शाल्मलीनं हातातल्या पिशवीकडे पाहिलं. ही पिशवी इथे होती, हेच तर सगळं दुखणं होतं.

"ताई," ती म्हणाली, "पट्टे परत तिथं नेले तर?"



"ढीग टाकलास तर पेटीच समजेल," ताई भराभर बोलू लागली. "नऊच्या आत हवेत. आठाचा घोस कर. एका पाकळीला दोन घोस, दोन टोकांना. आत्ताचे सत्तावीस आणि हे सोळा, त्रेचाळीस होतील. चाळीसला ती लाल होते. पण आतून लावायचे, जाळीच्या आतल्या अंगाला. आणि शालू... पुढून सुरू करू नकोस. स्टेजपासून लांबच्या बाजूनं."

"सतरावी?"

"सतरावी चालेल."

शाल्मली कट्ट्याकडे वळली. "आठ-आठ पट्टे मोजा! आठच! नऊ झाले तर उपयोग नाही! कशात तरी ओवा, पटकन!"

कशात ओवायचे हे कोणी विचारलं नाही. भजनी मंडळाच्या आक्कांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, आठ पट्टे तिच्यात अडकवले आणि टच्चकन बंद केली. ते पाहून कट्ट्यावरच्या साऱ्या बायकांचे हात आपापल्या बांगड्यांकडे गेले. एकीनं मंगळसूत्रातल्या काढल्या. कोष्टीबाईंनी पदराची काढली. वस्ताद मोजत होते, चिटणीस तपासत होते.

"हे नऊ आहेत वस्ताद!"

"च्यायला, हात कापतोय माझा. घ्या, काढला एक."

"तोंड सांभाळा, बायका आहेत!"

"बायकाच पिना देतायत, मी काय बोलणार?"

पहिले दहा घोस हातात येताच शाल्मली शिडीवरून गल्लीत उतरली. तिथं कोणी नव्हतं, स्वयंसेवक सगळे फाटकांवर होते.

गल्लीतून गर्दी वेगळीच दिसत होती. वरून डोकी दिसत होती, इथे चेहरे होते, जाळीला टेकलेले. घामानं थबथबलेले आणि विचित्र शांत. एका मुलाचे ओठ निळसर झाले होते. तो शाल्मलीकडे पाहत होता आणि काही बोलत नव्हता. कठडा टणक होता, हात लावला तर काळ्या दगडासारखा. तिनं वरून हात घालून आतल्या बाजूला पिन अडकवली. पिन बोटात घुसली. दुसऱ्या टोकाला दुसरी.

काहीच झालं नाही.

"ताई, लाल झालं का?"

"एकोणचाळीस. कोणीतरी तिथून सरकलं."

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसरा घोस मधोमध लावताना तिला जाळीपलीकडे पिवळं काहीतरी दिसलं. हीना. डोळे अर्धे मिटलेले.

"हीने, माझ्याकडे बघ. हीने! उद्या गणिताचा पेपर मी लिहून देते तुझा, बघ फक्त!"

हीनाची पापणी हलली. आणि शाल्मलीच्या तळव्याखाली तो दगड मऊ झाला.

पाकळी बोटभर झुकली. मग वीतभर. माणसं पडली नाहीत, पीठ परातीत उतरावं तशी हळूहळू गल्लीत उतरली. पहिला निळ्या ओठांचा मुलगा, मग एक बाई, मग हीना, थेट शाल्मलीच्या अंगावर. प्रवेशद्वाराची पाटी अजून हिरवीच होती.

"अठरावी!" ताई कानात ओरडली. आता ती कुजबुजत नव्हती. "तिच्यापाठोपाठ सोळावी! पाच पाकळ्या लाल झाल्या की दार बंद होतं!"

हीनाला कट्ट्याच्या भिंतीशी बसवून शाल्मली धावली. वरून घोस येत होते. व्हीलचेअरवाले आजोबा कट्ट्याच्या कडेवरून ते खाली फेकत होते आणि एकही नेम चुकत नव्हता. अठरावी, सोळावी, एकोणिसावी. विसाव्या पाकळीला पाटी लाल झाली. स्टेजवर ढोल थांबला. कप्प्यातून एक आवाज आला, तो ओरडण्याचा नव्हता. शेकडो माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा तो आवाज होता.

सूर्य मावळला तेव्हा माळावर रुग्णवाहिकांचे दिवे फिरत होते. चौतीस जण दवाखान्यात गेले. हीनाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "पेपरचं... लक्षात आहे," आणि हसायला गेली ते कळवळली. कोष्टीबाई पोरी मोजत होत्या. पुन्हा पुन्हा मोजत होत्या. एकशे चाळीस. गेलं कोणी नव्हतं.

शाल्मली ताईच्या केबिनपाशी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. गवाणे साहेब पडद्यावरच्या नोंदी वाचत होते.

"कमाल आहे, मॅडम. पाच बावन्नला सतरावी स्वतःहून उघडली. क्रम बघा, किती सुंदर! माणसाला जमलं नसतं हे. मी इतकी वर्षं तपासण्या करतोय, पण..." त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं. "पुढच्या वर्षी कुंभमेळ्यालाही हाच लावू म्हणतो."

ताईनं दारात उभ्या शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मलीच्या दहाही बोटांना पिना टोचून रक्त सुकलं होतं. तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. रेडिओ सुरू व्हायला एक बटण पुरे होतं. पण आज तिनं पहिल्यांदा आपणहून तोंड मिटून घेतलं. ही चार वर्षं तिची नव्हती. बोलायचं की नाही, हे ताईनं ठरवायचं होतं. आणि ताई बोलली नाही तर काय करायचं, या विचारानं तिला गल्लीतल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

पेन कागदाला टेकलं.

"साहेब, थांबा," ताई म्हणाली. "ती स्वतःहून उघडली नाही. यंत्र शेवटपर्यंत म्हणत होतं, नाचतायत. माझ्या बहिणीनं त्याला खोटे आकडे दिले, म्हणून उघडली. मीच सांगितलं तिला कसे द्यायचे ते."

गवाणे साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मोहोर असताना तुम्ही मोजणीत हात घातलात? मॅडम, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? नापास तर आहेच. चौकशी लागेल ती वेगळी."

"कळतो. नापास लिहा."

"खोटे कुठले?" शाल्मलीला आता राहवेना. "साहेब, ते पट्टे त्यांचेच होते. ती नऊशे माणसं तिथंच होती. मी फक्त जागच्या जागी नेऊन ठेवली."

साहेब तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश 'नापास' लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

"इथं काय लिहू?"

ताईनं अर्ज स्वतःकडे वळवून घेतला. अक्षर स्वच्छ आलं. 'माणसं आपल्या वस्तू एकमेकांकडे सांभाळायला देतात, हे यंत्र बनवणारीला आठवलं नाही.' सही केली, तारीख घातली, आणि मग चार वर्षांत कधी रडली नव्हती तशी रडली. शाल्मली तिच्याशेजारी जमिनीवर बसली.